भूशिर बघायला पहिल्यांदा जाताय? मग घड्याळ पाण्याचं लावा

समुद्रात घुसलेलं खडकाळ टोक, ज्याला शाळेत भूगोलाच्या पुस्तकात भूशिर म्हणायचे, ते बघायला लोक बीचवर जातात तसेच निघतात. म्हणजे सकाळी जमेल तेव्हा उठायचं, ऊन उतरेपर्यंत पोचू असा ढोबळ हिशोब करायचा आणि गाडी काढायची. मी पण पहिल्या वेळी असाच गेलो होतो. पोचलो तेव्हा फुल भरती. ज्या कातळाचे आणि गुहेचे फोटो बघून एवढा आटापिटा केला तो कातळ पाण्याखाली, गुहेच्या तोंडात नुसता पांढरा फेस, आणि आम्ही वरच्या रेलिंगला टेकून तासभर वारा खाऊन परत. तेव्हा कळलं की अशा जागी दिवस सूर्यावर नाही, पाण्यावर ठरवायचा असतो. खाली लिहिलंय ते सगळं त्यातूनच आलंय, ज्यांनी आजवर फक्त वाळूचा किनारा बघितलाय त्यांच्यासाठी.

आधी भरती-ओहोटीचं टेबल

तारीख ठरवायच्याही आधी हे बघा. जगात बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा जवळपास 50 मिनिटं पुढे सरकते. मागच्या रविवारी मित्राला अकराला ओहोटी मिळाली म्हणून तुम्हालाही या रविवारी अकराला मिळेल असं अजिबात नाही, उलट आठवड्याभरात गणित जवळपास उलटं होतं आणि तुम्ही ऐन भरतीत पोचता.

टेबलात दोन गोष्टी असतात, वेळ आणि पाण्याची उंची. वेळ सगळे बघतात, उंची कोणी बघत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, खरं तर बऱ्याच ठिकाणी त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार वर नाही, फार खालीही नाही. कातळाचा तळ, डबकी, गुहेचं तोंड बघायचं असेल तर उधाणाच्या दिवसातली ओहोटी बेस्ट, पण त्याच दिवशी परत येणारं पाणीही जोरात येतं हे विसरायचं नाही. आणि हा फरक किती असतो ते जागेवर आहे. भूमध्य समुद्रात बऱ्याच ठिकाणी पाणी जेमतेम फूटभर वरखाली होतं, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक 16 मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार-पाच मजली बिल्डिंग. त्यामुळे एका किनाऱ्यावरचा अनुभव दुसरीकडे चालवू नका.

टेबल हे एका ठराविक बंदराचं असतं, तुमच्या टोकाला सगळ्यात जवळचं बंदर निवडा. शिवाय टेबलात फक्त चंद्र-सूर्याचा हिशोब असतो, वाऱ्याचा आणि हवेच्या दाबाचा नाही. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं, त्यात किनाऱ्याकडे ढकलणारा वारा असेल तर अजून वर. वादळी हवेत टेबलावर विश्वास ठेवून खाली उतरणं म्हणजे शुद्ध गाढवपणा.

पाणी कसं चढतं हे पण एकदा समजून घ्या कारण इथेच लोक फसतात. ते नळाखालच्या बादलीसारखं एका स्पीडने चढत नाही. ओहोटी ते भरती हे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात तसे दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग असा अंदाज खलाशी वापरतात. म्हणजे मधल्या दोनच तासात निम्मं पाणी येऊन जातं. पहिला तास तुम्हाला वाटतं काही हलतच नाहीये, निवांत बसू, आणि मग उठून बघता तर आलेला रस्ता गायब.

दुसरं, लाटांचा अंदाज

हे भरतीपेक्षा वेगळं प्रकरण आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. लाटांच्या अंदाजात उंची लिहिलेली असते, समजा 2 मीटर. बऱ्याच लोकांना वाटतं म्हणजे जास्तीत जास्त 2 मीटर. तसं नाहीये. तो आकडा म्हणजे सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी, त्यामुळे एखादी लाट त्याच्या दुप्पट येऊ शकते आणि ती काही सांगून येत नाही. 2 चा आकडा दिसला की डोक्यात 4 धरा.

त्याच्या शेजारी सेकंद लिहिलेले असतात, दोन लाटांमधलं अंतर. पाच-सहा सेकंद म्हणजे जवळच्याच वाऱ्याने उठवलेल्या लाटा, दिसायला खवळलेल्या पण ताकद कमी. तेरा-चौदा सेकंद दिसले की सावध व्हा, त्या लाटा शेकडो-हजारो किलोमीटर लांबच्या वादळातून आलेल्या असतात, तुमच्या डोक्यावर निळं आभाळ, वारा पडलेला, पाणी तेलासारखं गुळगुळीत, आणि मधेच पाच-सहा मोठ्या लाटांचा गट येऊन आदळतो. मग परत दहा-पंधरा मिनिटं शांत. याच शांततेत माणूस खाली सेल्फीला जातो. आइसलँडमधल्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर बेसॉल्टचे सुंदर खांब आहेत आणि तिथे अशाच अचानक आत घुसणाऱ्या लाटांनी पर्यटकांचे जीव गेलेत.

भूशिरालाच लाटा जास्त का बसतात याला कारण आहे. लाट उथळ पाण्यात आली की तिचा वेग कमी होतो. टोकासमोर समुद्र आधी उथळ होतो, त्यामुळे लाटेचा तो भाग मागे पडतो, बाजूचे भाग पुढे जातात आणि सगळी लाट टोकाभोवती वाकते. सगळा जोर टोकावर गोळा होतो, शेजारच्या खाडी-उपसागरात तोच जोर पसरून विरतो. म्हणून खाडीत वाळू साठते आणि टोकावर नुसता कातळ. म्हणजे बाजूच्या वाळूवर मुलं खेळतायत, पाणी घोट्याएवढं, हे बघून टोकावरही तसंच असेल असं धरू नका.

काय घालायचं, काय न्यायचं

यात फार काही नाही. बूट रबरी सोलचे, पकड असलेले आणि आधी थोडे वापरलेले. स्लिपर नको, अनवाणी तर नकोच, कातळाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. वारा अडवणारं जॅकेट उन्हाळा असला तरी घ्या. पाणी नेहमीपेक्षा जास्त, कारण वाऱ्यात घाम कळत नाही. टोपीला नाडी असेल तरच घ्या, नाहीतर टोपीमागे धावताना कड्यावरून जाण्याइतका फालतू मृत्यू दुसरा नाही. टॉर्च, सूर्यास्ताला थांबणार असाल तर नक्कीच. ऑफलाईन मॅप डाउनलोड करून ठेवा, कारण कड्याच्या आडोशाला मोबाईलची रेंज बऱ्याचदा जाते. घरच्या कोणाला तरी कुठे जाताय आणि कितीला परत ते सांगून निघा.

पोचल्यावर लगेच खाली पळू नका

पहिली वीस मिनिटं वरच बसा. खरंच वीस, घड्याळ लावून. कुठपर्यंत पाणी येतंय, मोठ्या लाटांचा गट किती वेळाने येतोय, कुठला खडक कोरडा राहतोय ते बघा. एवढ्या वेळात एकदाही मोठा गट आला नाही तर अजून थांबा. नवख्या माणसाला हा सल्ला बोअर वाटतो, पण माझं विचाराल तर ही सगळ्या ट्रिपमधली सगळ्यात मस्त वीस मिनिटं असतात, डोळे हळूहळू स्थिरावतात आणि मग आधी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागतात, कपारीतले पक्षी, खडकातले थर, पाण्याचा बदलणारा रंग.

कडा खालून पोखरलेला असू शकतो आणि वर उभं राहून ते कधीच दिसत नाही. म्हणून आधी बाजूने, लांबून बघा की तुम्ही ज्या गवतावर उभं राहणार आहात त्याखाली काही आहे का. कड्याला समांतर भेग दिसली तर ती ओलांडून समुद्राकडच्या बाजूला जाऊच नका. जोरदार पावसानंतर एक-दोन दिवस दरडी जास्त सुटतात. खाली पायथ्याशी असाल तर वर बघा, बाकी कडा काळपट आणि एखादा तुकडा फिकट, ताज्या रंगाचा दिसला तर तिथून नुकताच दगड सुटलाय. तिथे सावली आहे म्हणून बूड टेकू नका.

वाऱ्याचंही तेच. समुद्रावरून आलेला वारा कड्याला आपटून वर चढतो, त्यामुळे काठावर तो मागच्या रस्त्यापेक्षा कितीतरी जोरात असतो आणि झटक्या-झटक्याने येतो. वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. वाऱ्यावर रेलून उभं राहायची मजा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, वारा मधेच पडतो.

धुकं आलं तर उंचीवर चढत बसू नका, उलट खाली या. दक्षिण आफ्रिकेतल्या केप पॉइंटची गोष्ट यासाठी भारी आहे. 1860 मध्ये तिथे 238 मीटर उंचीवर दीपगृह सुरू झालं, लांबून दिसावं म्हणून इतकं वर, आणि झालं काय तर ते बऱ्याचदा ढगात आणि धुक्यात गडप असायचं. 1911 मध्ये लुसिटानिया नावाचं पोर्तुगीज जहाज तिथल्या खडकावर आपटलं, मग नवीन दीपगृह 87 मीटरवर, बरंच खाली बांधलं. (जवळच्या केप ऑफ गुड होपला लोक आफ्रिकेचं दक्षिण टोक समजून फोटो काढतात, खरं दक्षिण टोक केप अगुलास आहे, तिथून बरंच आग्नेयेला. असो.)

खाली उतरायचं तर खडक वाचायला शिका

ही एक गोष्ट शिकलात तरी खूप झालं. खडकावर पट्टे असतात आणि प्रत्येक पट्टा सांगतो पाणी कुठपर्यंत येतं. सगळ्यात वर पिवळे-केशरी डाग दिसतात, ती दगडफुलासारखी वाढ असते, तिथे समुद्राचे तुषार येतात पण लाट सहसा नाही. त्याखाली काळा पट्टा, जणू कोणी डांबर फासलंय, तिथे लाटांचं पाणी उडत राहतं. त्याखाली पांढरे खरबरीत टोकदार ठिपके, ते बार्नॅकल, जिवंत प्राणी आहेत, तो भाग रोज पाण्याखाली जातो. आणि सगळ्यात खाली हिरवं-तपकिरी शेवाळ. काळं आणि हिरवं दोन्ही ओलं झालं की साबण. कॅनडातल्या पेगीज कोव्हला ग्रॅनाइटचे मोठे गोलसर कातळ आहेत, तिथे काळ्या खडकांवर जाऊ नका असं बजावलेलं असतं. नियम साधा आहे, ऊन असूनही खडक ओला दिसतोय म्हणजे लाट तिथे येऊन गेलीये, आणि परत येणार.

उतरायची वेळ टेबलातल्या ओहोटीच्या वेळेच्या साधारण तास-दीड तास आधी. पाणी मागे हटत असताना तुम्ही त्याच्या मागे जा, पाणी सगळ्यात खाली गेलं की वळा, आणि पाणी चढायला लागायच्या आत वर. एवढा एकच फॉर्म्युला पाठ करा.

आणि सगळ्यात मोठा सापळा. टोकाच्या पायथ्याने वळसा घालून पलीकडच्या छोट्या बीचवर जाता येतं, मस्त एकांत असतो, कोणी नसतं. तिथे कोणी का नसतं हे आधी विचारा स्वतःला. पाणी परत यायला लागलं की ते बीचवर नंतर येतं, टोकाच्या पायथ्याला आधी लागतं, कारण टोक पुढे आलेलं असतं. म्हणजे तुमच्यासमोर चाळीस पावलं कोरडी वाळू आहे, तुम्ही आरामात आडवे, आणि दोन्ही बाजूंचे रस्ते बंद झालेत. मी एकदा असा गुडघाभर पाण्यातून दोन लाटांच्या मधे पळालोय, बॅग डोक्यावर धरून, आणि त्यात काहीही थ्रिल नव्हतं, पाय थरथरत होते नुसते. अडकलातच तर पोहून जायचा शहाणपणा करू नका, कड्यावर चढायचाही नाही, जितकं वर सुरक्षित जाता येईल तिथे थांबा आणि इमर्जन्सी नंबर लावा. भारतात आणि युरोपात 112 चालतो, बाकी देशात जाण्याआधी बघून ठेवा.

समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, फोटोलाही नाही. कोणी पाण्यात पडलंच तर मागे उडी मारू नका, वाचवायला गेलेला माणूसच बुडतो असं वारंवार घडलंय. तरंगणारं काहीतरी फेका, बंद रिकामी बाटली, रिकामे कॅन घातलेली बॅग, काहीही, आणि फोन करा. स्वतः पडलात तर खडकाला धरायचा मोह टाळून खडकापासून लांब जा, लाट तुम्हाला खडकावर आपटते ती जास्त वाईट, पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात घ्या.

आता बघायचं काय

एवढी भीती घालून झाली, आता ज्यासाठी गेलात ते. भूशिर मुळात टिकलेला खडक आहे. आजूबाजूचा मऊ खडक समुद्राने खाल्ला, तिथे उपसागर झाले, कठीण राहिला तो टोक म्हणून पुढे. पण तोही समुद्राच्या तावडीतून सुटत नाही. लाट भेगेत घुसते, आतली हवा दाबते, लाट मागे गेली की हवा एकदम सुटते, असं लाखो वेळा. भेगेची खाच, खाचेची गुहा, गुहा आरपार झाली की कमान, कमानीचं छत पडलं की पाण्यात एकटा उभा सुळका, आणि शेवटी सुळकाही पडून खाली बुटका ठोकळा. एकाच टोकावर हे सगळे टप्पे शोधायचा प्रयत्न करा, बऱ्याचदा तीन-चार तरी सापडतात. गुहेच्या छताला भोक असेल तर भरतीत त्यातून पाण्याचा फवारा उडतो, ऑस्ट्रेलियात कायामाला असा प्रसिद्ध आहे. भोकावर वाकून आत बघायचं नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं.

आणि हे काही फार जुनं, थांबलेलं काम नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान होती, 15 जानेवारी 1990 ला तिचा जमिनीकडचा भाग कोसळला आणि दोन पर्यटक पुढच्या तुकड्यावर अडकले, हेलिकॉप्टरने काढावे लागले. माल्टातल्या गोझो बेटावरची अझूर विंडो 8 मार्च 2017 ला वादळात पडली, आज तिथे कमानीच्या जागी मोकळं पाणी आहे. म्हणून कमानीवर चालत जाणाऱ्यांना बघून मला अजिबात कौतुक वाटत नाही.

खडक कुठला आहे यावर सगळं रूप ठरतं. खडू असेल तर पांढरा सरळसोट कडा, इंग्लंडमधला बीची हेड 162 मीटरचा आहे. बेसॉल्ट असेल तर कधी कधी षटकोनी खांब, कारण लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला असे सुमारे 40,000 खांब आहेत, सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीचे. प्रत्येकच खांब सहा बाजूंचा नसतो, पाच आणि सात बाजूंचेही सापडतात, मोजत बसायला मजा येते.

ओहोटीत मागे राहिलेल्या डबक्यांना वेळ द्या. सावली पडणार नाही असं बसा, दोन मिनिटं हलू नका, मग रिकामं वाटणारं डबकं हलायला लागतं. टोपीसारखं शंखकवच असलेला लिंपेट भरतीत चरायला फिरतो आणि ओहोटीआधी आपल्याच जागी परत येतो, त्याच्या कवचाची कड त्या जागेच्या दगडाशी बरोब्बर जुळलेली असते. म्हणून त्याला उपटून दुसरीकडे लावू नका. दगड उचललात तर होता तसाच, त्याच बाजूने हलक्या हाताने ठेवा, खालच्या बाजूला कोणाचं तरी घर असतं.

पक्ष्यांसाठी दुर्बीण न्या आणि लांबूनच बघा. गिलिमॉटसारखे समुद्रपक्षी उघड्या कपारीवर घरटं न करताच अंडं घालतात, कोणी जवळ आलं आणि थवा एकदम उडाला की अंडी खाली घरंगळतात. पफिन तर वरच्या मऊ जमिनीत बिळं करतात, वाट सोडून गवतात चाललात तर छत तुमच्या पायाखाली. घरट्यांच्या हंगामात ड्रोन घरीच ठेवा, अनेक ठिकाणी त्याला बंदीही असते. व्हेल बघायलाही टोक चांगलं, कारण ते खोल पाण्याच्या जवळ असतं. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पूर्वेकडचं टोक, केप बायरन, तिथून स्थलांतर करणारे हंपबॅक काठावरूनच दिसतात. आणि उंचीचा फायदा किती ते बघा, वाळूवर उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम 5 किलोमीटरवर असतं, 100 मीटरच्या कड्यावरून ते जवळपास 36 किलोमीटरवर जातं.

फोटोंचं थोडक्यात. टोकाला दोन बाजू असतात, एक वाऱ्याची आणि एक आडोशाची, दोन्हीकडे समुद्र वेगळा दिसतो, एकीकडे उसळतोय तर दुसरीकडे तळ दिसतोय, त्यामुळे एकाच जागी दोनशे फोटो काढू नका, चालत दुसरीकडे जा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात खडक सपाट दिसतो, तिरप्या उन्हात थर उठून दिसतात. पण सूर्यास्त आणि ओहोटी एकत्र येतील असे दिवस मोजकेच, म्हणून परत पहिल्या टेबलावर या आणि तेच दिवस निवडा. सूर्य बुडाल्यावर अंधार व्हायच्या आधी वाटेला लागा, मागचा लाल रंग बघत बघत थांबलात की चढाची वाट टॉर्चमध्ये शोधावी लागते.

लेन्सवर खारे तुषार बसले तर कोरड्या कपड्याने घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात, गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने टिपा. घरी आल्यावर बूट, बॅगेच्या चेन आणि ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. मी एकदा आळस केला, ट्रायपॉडचा एक पाय अजूनही अर्ध्यातच अडकतो.